गंजाचा रकाना

हिंदुरावांनी आधी जुनं पिस्तूल काट्यावर ठेवलं, मग ते उचलून नवं ठेवलं. काटा मूळचा मिठाईच्या दुकानातला होता. त्याच्या बाजूला ‘डब्याचे वजन धरले जाईल’ अशी चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

“सातशे चाळीस,” ते म्हणाले. “आणि हे पाचशे सत्तर. दोन्ही रिकामी.”

प्रज्वलने लॅपटॉपवर आकडे भरले. तक्ता कंपनीचा होता. माल कोणाकडून घ्यायचा हे ठरवायला चाकणच्या त्याच्या कारखान्यात असाच तक्ता वापरत: डावीकडे मुद्दे, मग प्रत्येक मुद्द्याचं महत्त्व, मग गुण, खाली बेरीज. या तक्त्यावर त्याने आजवर प्लास्टिकचा दाणा, कँटीनचा ठेकेदार आणि आईला ॲडमिट करायचं हॉस्पिटल निवडलं होतं. हॉस्पिटल त्र्याऐंशी गुण मिळवून पहिलं आलं होतं. आई तिथून परत आली नाही, पण बेरीज त्याने नंतर दोनदा तपासली होती. ती बरोबर होती.

“वजनात हे नवं, पॉलिमरचं पुढे,” तो म्हणाला.

त्याचे वडील धोंडीबाआप्पा समोरच्या खुर्चीत उजवीकडे कलून बसले होते. ते उभे राहिले तरी उजवीकडेच कलत. अठ्ठावीस वर्षं त्या कमरेला पाऊण किलो पोलाद लटकलेलं होतं. चौकातला शिंपी त्यांचा सदरा शिवताना न विचारता उजवी बाजू बोटभर लांब ठेवायचा.

“जड हाय म्हणून तर बरं,” आप्पा म्हणाले. “गोळ्या संपल्या तर डोस्क्यात घालता येतं.”

हिंदुरावांनी यावर गंभीरपणे विचार केला. पिंपरीत दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं हे शस्त्रांचं दुकान वीस वर्षं होतं, आणि गिऱ्हाइकाचा कुठलाही मुद्दा त्यांनी कधी हसण्यावारी नेला नव्हता.

“हे खरं आहे,” ते म्हणाले. “पॉलिमरचं मारलं तर समोरचा नुसता चिडतो.”

“आप्पा, त्याला रकाना नाही.”

“मंग कर की.”

प्रज्वलने रकाना केला. ‘डोक्यात घालणे.’ पोलाद दहा, पॉलिमर तीन. आप्पांनी मान हलवली, पण त्यांचा अंगठा जुन्या पिस्तुलावरून हलला नाही.

आप्पांना शहात्तरावं लागलं होतं, हात कापत होते. लायसन आता मुलाच्या नावावर व्हायचं होतं. प्रज्वलला पिस्तूल कशाला हवं होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण लायसन मिळवायला आप्पांनी तेव्हा चौदा हेलपाटे घातले होते, आणि गावात लायसनवालं घर म्हणून त्यांच्या घराचा पत्ता सांगितला जायचा. ते सोडून कसं द्यायचं? घ्यायचंच तर मग काळाप्रमाणे घ्यावं, जुनं बदलून नवं, एवढाच त्याचा विचार होता.

खरं तर त्या पिस्तुलातून आजवर माणसावर, जनावरावर किंवा आकाशात काहीही सुटलेलं नव्हतं. दर निवडणुकीला ते पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, त्यामुळे ठाण्यात त्याची नोंद गावातल्या कुठल्याही गुंडापेक्षा जास्त वेळा होती. आप्पांनी ते एकदाच बाहेर काढलं होतं. जमिनीसाठी दम द्यायला आठ माणसं आली, तेव्हा. आप्पांनी ते समोर टेबलावर ठेवलं. तेवढ्यात प्रज्वलची आई, सरुबाई, ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “त्ये जरा सरकवा, कप कुठं ठेवू?” आप्पांनी सरकवलं. मंडळी चहा पिऊन गेली. जमीनही पुढे गेलीच. पण ती रीतसर, कारखान्याला. त्यांची विहीर होती तिथे आता आठशे टनी मशीन होतं आणि त्यावर प्रज्वल गाड्यांचे प्लास्टिकचे बंपर काढायचा.

“आता मॅगझिन,” प्रज्वल म्हणाला. “यात आठ गोळ्या, त्यात दहा. आप्पा, नऊ जण आले तर?”

“तर च्या जास्त टाकायचा.”

हिंदुराव आता मात्र हसले. आप्पा हसले नाहीत.

“पॉलिमर म्हणजे तुम्हाला काय वाटतं हो आप्पा? मी दिवसाला चारशे बंपर काढतो. पॉलिमर म्हणजे काय साधी गोष्ट आहे?”

“बादली.”

“बादली नाही! यात काचेचे तंतू असतात. पाऊस लागू दे, घाम लागू दे, काही होत नाही.”

“नळी आणि वरचा भाग पोलादीच असतो आप्पा,” हिंदुरावांनी समजावलं. “धरायचा सांगाडा तेवढा पॉलिमरचा. आणि तुमच्या बाजूनेही सांगतो, जुनं जड आहे म्हणून झटका कमी देतं. हात उडत नाही, नेम बसतो. असं अख्खं पोलादी आता कोणी घडवत नाही. पण जपावं लागतं.” त्यांनी जुनं पिस्तूल आप्पांच्या हाताखालून हळूच काढून घेतलं आणि उजेडाकडे धरलं. “बाकी छान ठेवलंय. आतून तेल आहे. फक्त हे इथं.”

डाव्या अंगाला, चापाच्या जरा वर, घेवड्याच्या बीएवढा एक खड्डा होता. कडेला काळसर, आत तांबूस.

तो सरुबाईंच्या बोटाचा होता.

खंडेनवमीला त्या घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करत. आधी नांगर, कुऱ्हाड, विळे असत. जमीन गेल्यावर मिक्सर, प्रज्वलची बाइक आणि पिस्तूल राहिलं. पाण्यात कालवलेलं कुंकू त्या करंगळीशेजारच्या बोटाने पिस्तुलावर दाबत, दर वर्षी त्याच जागी. “पुसायचं न्हाई,” त्या सांगत. “आपसूक जाईल तवा जाईल.” बाइकवरचं कुंकू प्रज्वल दुपारपर्यंत पुसून टाकायचा, पेंट खराब होतो म्हणून. पिस्तुलावरचं कोणी पुसलं नाही. अठ्ठावीस खंडेनवम्या ते ओलं कुंकू पोलाद खात गेलं आणि तिथे बोटाची जागा झाली. फाल्गुनात त्या गेल्यापासून आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पिस्तूल पुसत. सगळं पुसत, तेवढी जागा सोडून. प्रज्वलला वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव बंदुकीत आहे.

“गंज,” प्रज्वल म्हणाला आणि टाइप केलं. “चांगलाच खोल आहे. दहापैकी दोन.”

“धा दे,” आप्पा म्हणाले.

“गंजाला दहा? कशाबद्दल?”

आप्पांनी तोंड उघडलं. हिंदुरावांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग समोरचा चहा उचलला.

“असंच,” ते म्हणाले.

हात कापल्यामुळे चहा हिंदकळला आणि थोडा नव्या पिस्तुलावर सांडला. आप्पा गडबडले. हिंदुरावांना मात्र आनंदच झाला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पिस्तूल एकदाच पुसून दोघांसमोर फिरवलं.

“बघा. पॉलिमरवर काही राहतच नाही.”

“काईच न्हाई?”

“काहीच नाही आप्पा. तेल लावा, हळद लावा, काही करा. आज दुकानातून नेलं तसंच वीस वर्षांनी.”

आप्पा बराच वेळ त्या नव्या पिस्तुलाकडे बघत राहिले.

प्रज्वलने बेरीज केली. पॉलिमर चौऱ्याहत्तर, पोलाद एकाहत्तर. ‘डोक्यात घालणे’ धरूनसुद्धा.

“तिनानं गेलं,” तो हळू आवाजात म्हणाला.

आप्पा उठले. “जरा जाऊन येतो,” ते करंगळी दाखवून म्हणाले. दुकानात सोय नव्हती, गिऱ्हाइकं खाली दवाखान्यात जात. निघण्याआधी आप्पांनी जुनं पिस्तूल टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवलं, मग परत उचललं आणि डावी बाजू खाली करून ठेवलं. मग ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

“चेहरा बघितलात?” हिंदुराव म्हणाले. “म्हातारा मनातून हरलाय.”

प्रज्वलने लॅपटॉप जवळ ओढला. तो तक्त्याकडे बघत होता. सात महिने आप्पा नीट जेवत नव्हते. टीव्ही आणला, बघितला नाही. आळंदीला नेलं, गाडीतून उतरले नाहीत. त्यांना काय हवं हे विचारलं की म्हणायचे, सगळं हाय की.

“तीन गुण कुठे गेले पण?” हिंदुरावांनी लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं. “गंजात? अहो, मग ते पंधरा मिनिटांचं काम आहे. गणराज!”

आतून कारागीर आला. त्याने पिस्तूल उलटं करून खड्डा पाहिला. “होईल की. आधी कानस, मग चाकावर बफ मारतो, वरून काळं लावतो. इथं काही होतं हे कळणार पण नाही.”

“गंज गेला तर दहापैकी दहा धरता येतील?” प्रज्वलने विचारलं.

“का नाही येणार?”

“मग करा,” प्रज्वल म्हणाला. “आप्पांना सांगू नका. येतील तेव्हा बघू देत.”

आत बफचं चाक फिरायला लागलं. प्रज्वल ऐकत बसला. त्याने गंजाच्या रकान्यातला दोन काढून दहा टाकला. पोलाद एकोणऐंशी. त्याला एकदम बरं वाटलं. सात महिन्यांत आप्पांसाठी करण्यासारखं काहीतरी त्याला पहिल्यांदाच सापडलं होतं.

आप्पा वर आले तेव्हा पाऊण तास झाला होता. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती.

“दातांच्या बाईंनी लंबर लावला,” ते म्हणाले. “म्या म्हनलं, मला निस्तं जाऊन यायचंय, तर म्हनल्या बसा. दोन दाढा काढाया लागतील म्हन्त्यात.” ते खुर्चीत टेकले आणि न बघताच हात हिरव्या कापडाकडे नेला. पिस्तूल जागेवर होतं.

“आप्पा, पोलाद जिंकलं,” प्रज्वल म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. “एकोणऐंशी. आता हे घरीच राहणार.”

आप्पांच्या अंगठ्याने चापाच्या वरची जागा शोधली. मग थोडं पुढे शोधली. मग मागे. त्यांनी पिस्तूल उलटं केलं, दुसऱ्या अंगाला पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. सगळीकडे सारखं, गुळगुळीत, काळं. त्यात खिडकी दिसत होती.

“कसं झालंय?” हिंदुरावांनी विचारलं.

“ब्येस,” आप्पा म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “पुसलं कशानं?”

“आधी कानस, मग बफ,” आतून गणराज म्हणाला. “शेवटी फडक्यानं.”

“त्ये फडकं दे.”

गणराज बाहेर आला. “नवं देतो ना आप्पा. हे घाण झालंय.”

“न्हाई. हेच.”

फडकं काळं झालं होतं. त्याच्या मधोमध, तेलात फुटलेला एक तांबडा डाग होता. आप्पांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, तो डाग आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली, मग आणखी एक, आणि फडकं सदऱ्याच्या उजव्या खिशात ठेवलं.

प्रज्वलने तो तांबडा रंग पाहिला. हा रंग त्याने दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाइकच्या टाकीवरून पुसला होता. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आवरायचं कसं हे त्याला कळेना.

“आप्पा,” तो म्हणाला. “आप्पा, मला...”

“तुला हलकं पडंल त्ये घे,” आप्पा म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच. “आता दोन्ही सारखीच.”

ते पायऱ्या उतरू लागले. एक हात कठड्यावर, एक खिशावर. कमरेला आज काहीच नव्हतं, तरी उजवा खांदा नेहमीपेक्षा जास्त खाली गेला होता.