पाणी-चाचणी

शालूबाईचं एकच मागणं होतं. कुरुंदवाडला भावाकडं आठ दिवस राहायचं. फुप्फुसं वाळलेली, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं घरघरतं यंत्र. डॉक्टर म्हणाला, अॅम्ब्युलन्सनं न्या. शालूबाई फणकारली, "अॅम्ब्युलन्समधनं म्हायेरला जात्यात व्हय? भाऊ दारातच छाती बडवून घिल."

म्हणून तिच्या नवऱ्यानं, आकारामनं, वडापची म्हणजे खेड्यापाड्यांत माणसं कोंबून नेणारी जुनी गाडी घेतली. आतल्या सीटा उपसून पलंग ठोकला. भावाच्या मळ्यातल्या घरात लाईट कधी येईल आणि कधी जाईल, देवाला ठाऊक. यंत्र बंद पडून चालणार नव्हतं. तेव्हा टपावर सोलर, पलंगाखाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. सगळं स्वतःच्या हातानं. शिरोलीच्या कारखान्यात चाळीस वर्षं बसच्या बॉड्या बांधलेला माणूस, तो दुसऱ्याला हात लावू देतोय होय!

गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं. बुधवारी दुपारी पॅनेल बसलं. टपाला आठ भोकं, आठ बोल्ट. यंत्र लावून बघितलं, झकास चाललं. शालूबाईनं खिडकीतनंच कडाकडा बोटं मोडून गाडीची दृष्ट काढली. साडीची पिशवी भरून तयार होती.

आणि आकारामनं नळाला पाईप लावला.

कारखान्याचा रिवाज होता. नवी बॉडी तासभर पाण्याखाली उभी करायची, एक थेंब आत आला तरी गाडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आकाराम आत पलंगावर उताणा पडून टपाकडं बघत राहिला. पाचव्या बोल्टाशी एक थेंब फुगला आणि त्याच्या कपाळावर पडला.

"खोलाय लागतंय सगळं," तो बाहेर येऊन म्हणाला. "नवं सिलिकॉन भरतो. वाळाय दोन दिस. शनवारी जाऊ."

"अवो, पाऊस कुटं हाय? चैताचं ऊन हाय हे!"

"उद्या वळीव आला म्हंजी?"

"आला तर थेंबभर पाणी पडंल अंगावर. मी काय कागदाची हाय?"

"गळकी गाडी मी कधी भायेर सोडली न्हाय, शाले."

"मी तुमचं गिऱ्हाईक हाय व्हय?" एवढं बोलूनच तिला धाप लागली. मग तिनं पिशवी पायाशी सरकवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

बायकोचा श्वास मोजून उरलेला, हे याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण बाप्या माणसाला हातातलं काम नीट झालं की सगळं नीट झालं असं वाटतं. प्रेम करतोय म्हणत बोल्ट आवळत बसतो. बाई वाट बघते. बाईनं वाट बघावी, असं ठरवून टाकलेलंच आहे कुणीतरी.

शुक्रवारी पहाटे शालूबाईची नखं निळी पडली. ज्या अॅम्ब्युलन्सचा तिला राग, तिच्यातनंच तिला दवाखान्यात नेली. वरच्या मजल्यावर मोठ्या मशिनवर घातली. नातेवाइकांना वर थांबायला बंदी.

शनिवारी आकारामनं गाडी दवाखान्याच्या आवारात आणून लावली. कुरुंदवाडचा भाऊ पिराजी आला, तो त्याच पलंगावर टेकला. त्यानं गाडी न्याहाळली, टपाला हात लावून बघितला.

"काम मातूर पक्कं केलंयसा, दाजी."

आकारामला वाटलं, हा शिव्या देईल तर बरं.

आवारात माणसं चटयांवर पडलेली. प्रत्येकाचा कुणीतरी वर, प्रत्येकाचा मोबाईल मेलेला. पॅनेल बघून एकजण आला, "मामा, जरा चार्जिंगला लावू काय?" मग दुसरा आला. दुपारपर्यंत पलंगावर अकरा मोबाईल. कुणी त्याला चहा आणून दिला, कुणी म्हणालं, "पुण्याचं काम केलासा, पावणं." यंत्रासाठी जोडलेली वीज गावाच्या मोबाईलात चालली होती, आणि आकाराम पिना बदलत होता. हात रिकामे राहिले की त्याला भिंतीकडं तोंड केलेल्या शालूबाईची पाठ दिसायची.

चारच्या सुमाराला वॉर्डबॉय जिन्यात आला. "शालूबाईंचं कोण हाय?"

पिराजी उठला. आकाराम उठला नाही. एका म्हातारीच्या मोबाईलची पिन त्याच्या हातात होती, ती त्यानं दोनदा चुकीच्या बाजूनं घातली.

"झालं का वो माजं?" म्हातारीनं विचारलं. "ल्योक फोन करनार हाय."

"न्हाय अजून. लागंल येळ," आकाराम म्हणाला. "राहू द्या हितंच. गाडी काय आता कुटं जात न्हाय."

आणि मग तो जिन्याकडं निघाला.