डाव्या रांगेतले नकली

आमच्यात भुतं ओळखायचं खातं माझ्याकडे होतं. हसू नका. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे तो, आणि त्यात मला ओढलं माझ्या लेकीनं, ठकूनं. नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली आणि फोनवर आमचं बोलणं दोन वाक्यांत आटपायला लागलं. जेवलीस का, जेवले, घे आईशी बोल. मग एकदा सुट्टीत आली तेव्हा तिनं स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणि भलाथोरला स्क्रीन माझ्या टेबलावर मांडला, माझ्या कानाला हेडफोन अडकवला आणि फर्मान काढलं, "बाबा, दर रविवारी संध्याकाळी खेळायचं. नाही म्हणायचं नाही."

खेळ असा. एक पडकं हॉस्पिटल, त्यात लांबलचक वॉर्ड, दोन्ही भिंतींना खाटांची रांग आणि मधून वाट. वाटेच्या टोकाला टेबल. तिथे मी. समोरून दोन्ही रांगांमधून पेशंट येतात, नर्स येतात, वॉर्डबॉय येतात, भेटायला आलेले नातेवाईक येतात. त्यातले काही नकली, माणसाचं सोंग घेतलेले. नकली टेबलापर्यंत पोचला की वॉर्डातला एक पेशंट गेलाच म्हणून समजा. उलटे पाय वगैरे जुन्या काळातलं झालं, हल्लीची भुतं शिकलेली आहेत. एकाच्या सलाईनचे थेंब खालून वर जातात. एक नर्स चालत येते, पण तिची सावली मागे खाटेवरच बसून असते. एक डॉक्टर अगदी झकास, फक्त त्याच्या स्टेथोस्कोपची नळी कानात न जाता सरळ मानेत शिरलेली. ओळखलं की बेल मारायची, झालं.

ठकू वॉर्डात औषधं वाटत फिरायची. तिसरा गडी माझा मेहुणा. तो खऱ्या आयुष्यात वायरमन, म्हणून खेळातही लाइट सांभाळायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. आणि पहारा माझ्याकडे, कारण डोळे माझे! शाळेची बस चालवण्यात माझं आयुष्य गेलं. समोरच्या आरशात नजर टाकून मागच्या सीटवर कोण कोणाची वेणी ओढतंय ते मी नाव घेऊन सांगतो. पोरं म्हणायची, काकांना पाठीला पण डोळे आहेत. मला ते ऐकायला फार आवडायचं.

सुरुवातीला कशी बेल मारायचो! ठकू हेडफोनमध्ये किंचाळायची, मेहुणा शिट्टी वाजवायचा. मग हळूहळू आम्ही हरायला लागलो. एका रविवारी हरलो, पुढच्या रविवारी हरलो, नंतर हरणं हाच नियम झाला. मेहुणा म्हणायचा, "भाऊजी, अहो डोळ्यांदेखत गेली की ती बाई!" माझ्या डोळ्यांदेखत काही गेलेलं नव्हतं. म्हणजे खापर फोडायला दुसरं कुणीतरी हवं. मी मेहुण्यावर फोडलं. तू मुद्दाम लाइट घालवतोस म्हटलं. तुला हसायचं असतं माझ्यावर म्हटलं. आणि एकदा माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, "तुझ्या कामासारखंच तुझं खेळणं, सगळं अर्धवट" असं बोलून गेलो. तो पुढच्या रविवारी आलाच नाही. बायकोनं विचारलं, माझ्या भावाला काय बोललात? मी म्हटलं, खेळात चालायचंच.

त्या रविवारी ठकू आणि मी दोघंच. ती म्हणाली, "आज जरा वेगळं खेळू बाबा. हॉस्पिटल उलटं करते. आरशात दिसतं तसं." मी म्हटलं, कर बाई, सरळ जमेना तर उलटं. खेळलो. हरलो. मग तिनं हळूच विचारलं,

"रागावणार नाही ना?"

"रागवायसारखं बोलशील तर रागवेन."

"आपण हरायला लागल्यापासूनचे सगळे डाव माझ्याकडे साठवलेले आहेत. मी बसून बघितले. उजव्या रांगेतला एकही नकली तुम्ही सोडलेला नाही, बाबा. आणि डाव्या रांगेतला एकही धरलेला नाही."

"डावीकडचे अवघड देत असतील."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून आज रांगा बदलल्या. नकली तेच होते. ती सावली मागे ठेवून येणारी नर्स तुम्ही दर वेळी पकडता. आज ती डावीकडून आली, तुमच्या अगदी टेबलापर्यंत आली, आणि तुम्ही मला विचारत होतात, अजून कोणी येत कसं नाही. तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये."

मी हसलो. मग माझं डोकं फिरलं. बापाला आंधळं ठरवायला निघालीस, भुतांच्या खेळावरून डॉक्टरकी करतेस, असं वाट्टेल ते बोललो. ती पोरगी शांतपणे म्हणाली, "दिसत नाही हे माणसाला कळतच नाही, बाबा. तिथे काळोख नसतो. शेजारची भिंत, शेजारचा रस्ता तिथपर्यंत ओढून मेंदू भोक बुजवून टाकतो, म्हणून सगळं ठीकच वाटतं. मी वाचलंय. उद्याच्या उद्या डोळे दाखवा. आणि दाखवेपर्यंत बस..."

मी हेडफोन काढून ठेवला. बसबद्दलचं वाक्य मी तिला पुरं करू दिलं नाही.

मग खोलीचं दार लावून घेतलं. समोरच्या घड्याळावर नजर ठेवली, उजवा हात कानापाशी नेला, बोटं हलवली. दिसली. अगदी कानापासून दिसली. डावा हात नेला. बोटं हलवत हळूहळू पुढे आणला. घड्याळ दिसत होतं, घड्याळाखालची भिंत दिसत होती, सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त माझा हात नव्हता. तो जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा एकदम उगवला. मग एकेक आठवायला लागलं. बसचा डावा आरसा खांबाला लागून तुटला होता, तेव्हा मी खांब लावणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. स्वयंपाकघरात शिरताना दाराची चौकट खांद्याला लागायची, तेव्हा बायको म्हणायची, चालताना लक्ष असू द्या. मी हात खिशात घातला आणि बाहेर आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणत होती ठकू? मी म्हटलं, काही नाही, मजेत आहे.

आता जे सांगतो त्याची मला खरी लाज वाटते. सोमवारी मी बस काढली. माहीत असून काढली. मनाशी म्हटलं, सुट्टी लागेपर्यंत सांभाळून चालवू, मान वळवून वळवून बघू, मग जाऊ डॉक्टरकडे. बस सोडली तर मी कोण? घरात बसून भाजी निवडणारा म्हातारा. सोमवार निभावला, मंगळवार निभावला. मला वाटायला लागलं, जमतंय की.

आमच्या बसवर ताई आहेत. पोरांना हात धरून चढवायचं, उतरवायचं, पालकांच्या ताब्यात द्यायचं, आणि मग "चला" म्हणायचं, हे त्यांचं काम. त्यांनी चला म्हटल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, आणि त्यांनी चला म्हटल्यावर मी पुन्हा समोर बघून घेतो. असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. बुधवारी दुपारी बालवाडीतली एक चिमुरडी उतरली. ताईंनी तिचा हात तिच्या आईच्या हातात दिला, दारात पाय ठेवला आणि "चला" म्हटलं. मी मान वळवली, समोर बघितलं. रस्ता स्वच्छ, मोकळा. मी क्लच सोडला.

तेवढ्यात पत्र्यावर धाडकन थाप बसली आणि ताई ओरडल्या. मी ब्रेक दाबला. पाण्याची बाटली घरंगळत बसच्या तोंडाशी आली होती, आणि ती उचलायला ती पोर आईचा हात सोडून परत आली होती. डावीकडून. दिवसाढवळ्या, पिवळा रेनकोट घालून. ताईंनी उडी टाकून तिला दप्तराला धरून मागे खेचलं. चाक बाटलीवर चढून थांबलं.

खाली उतरलो तर ती आई रडतेय, पोर रडतेय, आजूबाजूला माणसं जमलेली. आणि मी काय केलं? मी ताईंवर ओरडलो. इतकी वर्षं त्यांना अहो-जाहो करणारा मी, सगळ्यांसमोर, बसमधल्या पोरांसमोर म्हणालो, "डोळे फुटलेत का तुझे? बघून चला म्हणता येत नाही?"

ताई त्या पोरीला पोटाशी धरून होत्या अजून. म्हणाल्या, "चुकलं दादा. माझंच लक्ष नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तोंड उघडलं नाही. गाडीत जाऊन बसलो आणि अगदी मुंगीच्या पावलानं गाडी शाळेत नेली.

तक्रार झाली. होणारच. शुक्रवारी गाड्यांचं बघणाऱ्या साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं. साहेब माझ्या ठकूच्या वयाचे, बोलायला गोड. मला खुर्ची दिली, ताई उभ्याच. साहेब म्हणाले, "काका, तुमच्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. ताईंना मात्र मी ठेवू शकत नाही. पालक ऐकायला तयार नाहीत." एका शाळेतून पोरांकडे दुर्लक्ष केलं म्हणून काढलेल्या बाईला दुसरी शाळा दारात उभं करणार नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी त्या एकट्या कमावत्या. आणि जिनं ती पोर वाचवली तिलाच हा शिक्का.

मी म्हटलं, "साहेब, ताईंची चूक नाही. मला डावीकडचं दिसत नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसले. "काका, तुमचं मन मोठं आहे, मला माहितेय. पण दुसऱ्यासाठी असं स्वतःवर ओढून घेऊ नका हो."

"ओढून घेत नाही. खरंच दिसत नाही."

"सकाळी तुम्ही एवढी मोठी गाडी फाटकातून एका दमात आत घेतलीत. मी खिडकीतून बघत होतो."

ताई पुढे आल्या, दोन्ही हात जोडले. "दादा, नका. माझ्यासाठी खोटं बोलू नका. तुमची पुण्याई आहे इथे."

हे म्हणजे अतीच झालं. खरं बोलायला एवढा उशीर केला, आणि बोललो तर माझाच सत्कार! मला त्या खुर्चीत बसवेना. मी किल्ली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "तोंडी नको. करूनच बघू. ताई, माझ्या डाव्या बाजूला उभ्या राहा. मी साहेबांच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही हात मागून हळूहळू पुढे आणा. दिसला की मी सांगतो किती बोटं आहेत ते."

"दादा, कशाला हे..."

"राहा म्हणतो ना."

त्या डावीकडे गेल्या. मी साहेबांच्या नाकावर नजर लावली. मागची खिडकी दिसत होती, कपाट दिसत होतं, पंखा दिसत होता. डावीकडची भिंत गुळगुळीत, पांढरी, कुठे डाग नाही. मी थांबलो. साहेब आधी हसऱ्या तोंडानं बघत होते. मग त्यांचं हसू ओसरलं. का ते मला कळेना.

"हं ताई," मी म्हटलं, "आणा की हात. वाट कसली बघताय?"

साहेब टेबलावर पुढे झुकले.

"दादा," ताईंचा आवाज अगदी कानाशी आला, "हात केव्हाचा तुमच्या डाव्या डोळ्यासमोर धरलाय."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी किल्ली उचलून खणात टाकली आणि खण लावून घेतला. "बाप रे," एवढंच म्हणाले. मग ताईंना म्हणाले, "तुम्ही सोमवारी नेहमीच्या वेळेला या. पालकांशी मी बोलतो." मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. माझं काय व्हायचं ते होवो, बाईची भाकरी तरी वाचली. मी उठायला लागलो.

"दादा, हे तुम्हाला कळलं कधी?" ताईंनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. आत्ता कळलं म्हटलं असतं तरी दोघांनी विश्वास ठेवला असता, वर हळहळले असते. पण त्या डाव्या बाजूला होत्या. त्यांचं तोंड बघायला मला पूर्ण मान वळवावी लागली, आणि एकदा बघितल्यावर खोटं बोलवेना.

"रविवारी," मी म्हटलं.

त्यांनी मनात वार मोजले असणार. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"काल संध्याकाळी मी डोळे तपासून आले, दादा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात म्हणून."