सगळ्यात मोठा मासा

मी एकटा माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि माझ्या तिरसट तोंडामुळे शेजारीपाजारी चार हात लांबच. हक्काने बोलायला काय ती एक लेक. तिला दिवस गेल्यापासून दर रविवारी मी बसने तिच्याकडे जायचो, तळ्यात गळाला लागलेला सगळ्यात मोठा मासा घेऊन. बारके मी खायचो. पोटुशी लेकीला बोटभर मासे देणारा बाप मी नव्हे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिचे केस तपासायला पाठवले. त्यात पारा निघाला, बाळाला बाधेल इतका. जावयाने फोनवर समजावलं की मोठा मासा जन्मभर छोटे मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. मी म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना म्हणावं आधी गळ टाकून दाखवा. आणि फोन ठेवून दिला.

पण पारा कुठून आला ते मला ठाऊक होतं. तळ्याकाठच्या क्लोरीनच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. क्लोरीन काढायला टाक्यांत भरलेला पारा रोज थोडा सांडायचा, गोळ्या गोळ्या होऊन फरशीवर पळायचा. तो वेचून बाटलीत भरायचा, असा नियम. पण गुडघे टेकून वेचत बसायला वेळ कुणाला होता? पाळी सुटायच्या आधी मी पाण्याचा पाइप मारायचो. सगळं गटारात, गटार तळ्यात. फरशी लख्ख, साहेब खूश.

पुढच्या रविवारी रिकाम्या हाताने गेलो. लेकीने चहा पुढे ठेवला आणि समोर बसली.

"ज्यांनी हे पाण्यात सोडलं, त्यांना लेकरं नव्हती का हो बाबा?"

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण तिच्यापुढे लपवणं जमेना.

"होती. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

ती पोटावर हात ठेवून उठली आणि चहाचे कप आत नेऊन ठेवले. चिडली असती तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं. बसची वेळ झाली तशी दारापर्यंत आली. पुढच्या रविवारी येऊ का, मी विचारलं.

"बाळ झालं की कळवू," ती म्हणाली.

दिवसातून दोनदा फोन करणारी माझी पोर. मी बरं म्हणालो आणि जिना उतरलो.