उतरण्याआधीची खिंड

शिकारीला पाहुणा आला की पहिले काही दिवस डोंगरातल्या आमच्या तळावर बंदुकीला कुणी हात लावत नाही. पाहुण्याने नुसतं खायचं, प्यायचं, झोपायचं आणि तळाभोवती म्हाताऱ्यासारखं रमतगमत फिरायचं. मग रोज थोडं वर चढायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. हा ताशबोलोत-अकेचा कायदा. अके म्हणजे दादा, आमचा मुख्य शिकारी, साठीला टेकलेला, आणि या कायद्यापुढे तो लहान बघत नाही की मोठा. रानमेंढे राहतात ते कडे तळाच्याही पुष्कळ वर आहेत. तिथे धावत पोचलेल्या माणसाचा नेम तर चुकतोच, आणि कधी कधी तो माणूसही परत येत नाही.

यंदाचा पाहुणा राइनर नावाचा जर्मन, लाकडाचा व्यापारी. वर्षभर पाठीवर वाळूची पिशवी बांधून जिने चढला होता म्हणे. ती पिशवीसुद्धा बरोबर घेऊन आला होता. मला वाटलं, आमच्याकडे वाळू मिळत नाही असं कुणी सांगितलं की काय याला. त्याच्याकडे बोटाला लावायचा एक चिमटा होता. रक्तात हवा किती आहे ते तो आकड्यात दाखवतो. रोज सकाळी माझ्या चुलीजवळ बसून राइनर तो लावायचा आणि मी मास्तरीण असल्यासारखा आकडा मला दाखवायचा. मी मान डोलवायची आणि कुरुताचे, वाळवलेल्या दह्याचे, खारट खडे त्याच्यापुढे करायची.

त्याचा सराव घ्यायचं काम माझ्या धाकट्या भावाला, एर्मेकला मिळालं. एर्मेक कित्येक वर्षांनी मॉस्कोहून परतला होता, गोदामातली नोकरी सोडून. गावात आईला भेटला, उभ्या उभ्या चहा प्याला आणि थेट तळावर आला. अके त्याला म्हणाला, "हा मोसम नीट पार पाड. माझे गुडघे गेलेत. पुढच्या वर्षी माझ्या जागी तू." एर्मेकला आणखी काही नको होतं. त्याला घरी राहायचं होतं, बस.

पाहुण्याला कायदा लागू होता, एर्मेकला नव्हता. तसं कुणाच्या मनातही आलं नाही. डोंगरात जन्मलेल्याला कसला आलाय सराव? तुतेक, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेचा आजार, लागतो तो परक्यांना. डोकं ठणकतं, धाप लागते, छाती भरते ती त्यांची. आमच्यातल्या कुणाला तुतेक लागला असं म्हणणं म्हणजे त्याच्या बापाबद्दल शंका घेण्यासारखं आहे. म्हणून आम्ही तो शब्द आपल्या माणसाच्या बाबतीत तोंडातूनच काढत नाही.

"एजे," एर्मेक मला, थोरल्या बहिणीला, म्हणाला, "तुझ्या जर्मनापेक्षा गाभण याक बरी. निदान संध्याकाळपर्यंत पोचते."

"त्याला पोचायचंय. तुला मिरवायचंय."

"मग मिरवू दे की. मॉस्कोत मी फ्रिज उचलायचो. कुणी बघायला नव्हतं."

त्याने राइनरच्या पाठीवरची वाळूची पिशवी काढून आपल्या खांद्यावर टाकली आणि मागच्या टेकडीवरच्या मझारपर्यंत, पिराच्या थडग्यापर्यंत, जिथे मेंढ्यांची जुनी शिंगं रचलेली आहेत, तिथवर पळत गेला. राइनरने टाळ्या वाजवल्या. अकेसुद्धा हसला. "बघ झुरा," मला म्हणाला, "असं असतं इथलं रक्त." मीही हसले. भाऊ घरी आला होता आणि मी खुशीत होते.

त्या संध्याकाळी त्याने रस्सा खाल्ला नाही. मटणाच्या रश्श्यासाठी लहानपणी माझ्याशी मारामारी करणारा पोरगा, त्याने वाटी सरकवून दिली. खोकत होता. विचारलं तर म्हणाला, "मॉस्कोची सर्दी आहे, फुकट आणली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवायला आले तर तो पिठाच्या पोत्यांना टेकून बसल्या बसल्या झोपला होता. मी त्याच्यावरून वाकून किटली उचलली, तेव्हा मला आवाज आला. किटलीच्या तळाशी दुधाचा चहा हळूहळू उकळायला लागतो तसा बारीक, ओला आवाज. मी किटलीत पाहिलं. ती रिकामी होती. चूल थंड होती. आवाज एर्मेकच्या छातीतून येत होता.

हा आवाज मला माहीत होता. मी लहान असताना बाबा खाली सपाटीला, दुशान्बेच्या इस्पितळात बरेच महिने पाठीच्या दुखण्यासाठी राहून घरी आले होते. आल्यावर ते गोधड्यांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. एका पहाटे मला वाटलं, आईने चहा ठेवलाय. उठून पाहिलं तर चूल विझलेली. मी परत जाऊन झोपले. उजाडलं तेव्हा बाबा गेले होते. सगळे म्हणाले, काळीज बंद पडलं. आईही तेच म्हणाली, आणि त्यानंतर आमच्या घरी या विषयावर कुणी बोललं नाही.

राइनरचा चिमटा चुलीजवळच्या फळीवर होता. मी तो एर्मेकच्या बोटाला लावला. राइनरचे आकडे रोज बघून बघून मला ठाऊक झाले होते. एर्मेकचा आकडा त्याच्या कितीतरी खाली होता. मला वाटलं, बोटं गार आहेत म्हणून असेल. मी हात चोळून गरम केला आणि पुन्हा लावला. आकडा आणखी उतरला. मग मी त्याची नखं उजेडात पाहिली. निळी पडली होती.

तो जागा झाला आणि चिमटा झटकून टाकला.

"पाहुण्याचं खेळणं आहे ते, एजे. त्याला परत ठेव."

"एर्मेक, आज वर जाऊ नकोस."

"आज शिकार आहे."

"अके नेईल त्याला."

"आणि मी काय करू? चुलीपाशी तुझी भांडी घासू? आज नाही गेलो तर मी परत गोदामात. कळतंय का तुला?"

"तुला तु—"

"बोलू नकोस." त्याला वाक्य पुरं करायला मध्ये श्वास घ्यावा लागला. "तो शब्द काढलास तर मी तुझा भाऊ नाही."

मी बाहेर गेले. अके याकवर सामान बांधत होता, राइनर बुटांच्या नाड्या आवळत होता. मी घाबरले होते, आणि मला लाजही वाटत होती. एवढ्या भीतीत माणसाला लाज वाटू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

"अके, एर्मेकला तुतेक लागलाय."

अकेचे हात दोरीवर थांबले. त्याने आधी माझ्याकडे नाही, माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या एर्मेककडे पाहिलं.

"झुरा, कुणाचा पोरगा आहे तो, विसरलीस का? तुझा बाप आणि मी या कड्यांवर पोरं असल्यापासून हिंडलोय."

"म्हणूनच सांगतेय. बाबाही खाली राहून आले होते. त्यांनाही—"

"तुझ्या बापाचं काळीज गेलं," अके म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायची सोय त्याने ठेवली नाही.

"अके, चला," एर्मेक म्हणाला. "चुलीपाशी बसून बसून हिच्या कानात काहीतरी वाजतं."

ते गेले. मी तिपाईवरची मोठी दुर्बीण कड्याकडे वळवली. तिच्यातून आम्ही रानमेंढे शोधतो. त्या दिवशी मी माझा भाऊ शोधत होते.

चढाला लागेपर्यंत एर्मेक पुढे होता. मग अके पुढे झाला. मग राइनरही, त्याच त्या म्हाताऱ्या चालीने, थांबत, श्वास पुरता सोडत, पुन्हा चालत. एर्मेक मागे पडला. दगडावर बसला, उठला, बसला. एकदा तो आडवा झाला आणि लगेच धडपडून उठून बसला, पाण्यात बुडणारा माणूस डोकं वर काढतो तसा. माझा डोळा दुर्बिणीला आणि हात तोंडावर होता.

वरच्या धारेवर मेंढे होते. मोठे, वळलेल्या शिंगांचे, उन्हात निवांत रवंथ करत असलेले. अके आणि राइनर पोटावर सरकत दगडाआड पोचले. राइनरने बंदूक लावली. दोघंही वर बघत होते. खाली एर्मेकचं डोकं गुडघ्यांत गेलं होतं आणि ते वर येत नव्हतं. "मागे बघा," मी म्हणत होते. "एकदा मागे बघा." आधी पुटपुटत होते, मग ओरडायला लागले. एवढ्या लांबून कुणाला ऐकू जाणार होतं? तळावरची कुत्री तेवढी भुंकायला लागली.

राइनरने नेम धरायच्या आधी श्वास सोडला असेल. तसा सराव एर्मेकनेच त्याच्याकडून करून घेतला होता. बहुतेक त्यालाच सांगायला, शाबासकी घ्यायला, राइनरने मान वळवली. मग तो उठून उभाच राहिला. मेंढे धारेपलीकडे उधळले. अके त्याच्यावर हात उगारून उठला आणि मग त्यानेही खाली पाहिलं.

एर्मेकला त्यांनी याकवर बसवून आणलं. त्याच्या ओठांवर गुलाबी फेस होता. राइनरचं तोंड वाकडं झालं होतं, खोटं कशाला बोलू, एवढ्या लांबून येऊन त्याची शिकार गेली होती. पण त्याच्यासाठी राखून ठेवलेलं ऑक्सिजनचं नळकांडं त्यानेच उचलून जीपमध्ये ठेवलं आणि एर्मेकच्या तोंडाला मास्क बांधला.

यावर एकच औषध आहे. खाली नेणं. पण आमच्या मुलखात खाली जायचं तर आधी वर जावं लागतं. खोरोगला, दवाखान्याच्या गावी, उतरायचं तर कोइतेझेकची खिंड ओलांडायची. नाव मेंढ्यांच्या लेंड्यांवरून पडलंय, आम्ही त्यावर नेहमी हसतो. त्या दिवशी मी नळकांड्याच्या काट्याकडे बघत होते आणि रस्ता अजून खिंडीच्या चढाला लागलासुद्धा नव्हता.

गावात अके डिझेलसाठी थांबला. आई कुठून तरी ऐकून आली, पायात घरातल्या सपाता. तिने जीपचं दार उघडलं, कुणाला काही विचारलं नाही. वाकून एर्मेकच्या छातीला कान लावला.

"चहा उकळतोय," ती म्हणाली.

मी हे कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. आई तशीच, सपातांवर, आत चढली आणि एर्मेकच्या पाठीमागे बसून तिने त्याला आपल्या छातीशी उभा धरला.

चढाला लागलो तसा त्याचा श्वास आणखी तोकडा झाला. जीप दुसऱ्या गियरमध्ये कण्हत होती. काटा लाल पट्ट्यात आला, मग शून्याला टेकला. मास्कमधली सरसर थांबली. मी मास्क काढला, तर त्याने माझी बाही घट्ट पकडली.

"एजे. आडवं नको करू."

"नाही करत."

"अपा आहे?" तो आईला शोधत होता.

"मागे आहे. तुला धरलंय तिने."

"घाबरलोय गं मी."

माझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर बुडत होता आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. खिंडीच्या माथ्यावर प्रत्येक जण गाडी थांबवतो, दुआ मागतो, चेहऱ्यावरून हात फिरवून ओमिन म्हणतो. न थांबता कुणी गेलेलं मी पाहिलं नाही. अके थांबला नाही. त्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला आणि जीप उताराला लागली.

मग कानांना दडे बसले. नदीकाठी गवत दिसलं, पुढे झुडपं, आणि कितीतरी वळणांनंतर पहिलं पॉप्लरचं झाड. एर्मेकची बाहीवरची पकड सैल झाली. वळून पाहिलं. तो श्वास घेत होता, पूर्वीपेक्षा लांब.

खोरोगच्या दवाखान्यात त्याला नाकातून नळी लावली. डॉक्टरीण माझ्याहून लहान होती. तिने विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

अके भिंतीला टेकून उभा होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझा हात दाबला.

"माझ्या नवऱ्याला," ती म्हणाली. "दुशान्बेहून परत आला तेव्हा. तुतेक होता. रात्रभर त्याच्या छातीत चहा उकळल्यासारखं वाजत होतं आणि मी शेजारी पडून ऐकत होते. गाडी करून खाली नेला असता तर सगळ्या गावाला कळलं असतं. लोक त्याला हसले असते. मी त्याला गरम चहा करून दिला आणि म्हटलं, झोप."

डॉक्टरणीने लिहून घेतलं. अके खिडकीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते, पण त्याच्याजवळ कुणी गेलं नाही. एर्मेक डोळे मिटून पडला होता. तो झोपलाय असं आम्हाला वाटत होतं. त्याने हात लांब केला आणि आईच्या रुमालाचं टोक मुठीत धरलं.

अंधार पडायच्या सुमाराला तो म्हणाला, "अपा, मला आता आडवं व्हायचंय."

आम्ही त्याच्या पाठीमागच्या उश्या काढल्या. तो आडवा झाला. खोकला नाही, धडपडून उठला नाही. डॉक्टरीण आईला म्हणाली, "तुम्ही पण जरा पडा आता. त्याला झोपू द्या."

आईने पलंगाशी स्टूल ओढलं आणि त्याच्या छातीवर कान ठेवला.

"त्याला झोपू दे," ती म्हणाली. "मी ऐकतेय."