दुर्बिणीच्या वर्तुळात मावलेला थवा

मित्रांनो, जिच्या उजव्या भिंगावर बुरशीचा काळा ठिपका आहे ती जुनी दुर्बीण मी. जहाजावर नोकरी करणाऱ्या रावसाहेबांनी मला अनेक बंदरांतून फिरवले. त्यांच्यामागे मी त्यांच्या पुतण्याकडे, सुधीररावांच्या बेलापूरच्या फ्लॅटमध्ये आले आणि माळ्यावर पडून राहिले. हा ठिपका त्या दिवसांचा.

सुधीररावांच्या मुलीने, ईश्वरीने, मला खाली काढले आणि जवळच्या दिवाळे गावातल्या खाडीच्या धक्क्यावर नेले. ओहोटीने उघड्या पडलेल्या गाळावर फ्लेमिंगो चरत होते. अनेक समुद्र पाहिलेली मी, पण तो गुलाबी विस्तार पाहून दिपून गेले. ईश्वरी तर श्वास घ्यायला विसरली. मग तो तिचा नेमच झाला.

गणिताने मात्र तिला फार रडवले होते. बारावीनंतर प्राणिशास्त्र घ्यायचे तिने ठरवले. पण त्यातही संख्याशास्त्राचा पेपर असतो हे कळताच तिचे अवसान गळाले.

“मी मास मीडिया घेते. त्यात गणित नाही.”

“आणि आवड?” सुधीररावांनी विचारले.

“आवड काय, करून घेईन.”

“भाजी आहे का ती, करून घ्यायला?” आई, जयमालाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी बापलेक धक्क्यावर आले. खाडी काठोकाठ भरली होती.

“कुठायत तुझे पक्षी? चल घरी.”

“थांबा ना बाबा. ओहोटी रोज साधारण पाऊण तास पुढे जाते. येतीलच आता.”

आणि खरोखरच पाणी ओसरले, गाळ चमकला आणि थव्यामागून थवे उतरू लागले. सुधीररावांनी मला डोळ्यांना लावले.

“बाप रे! किती असतील गं?”

“अकराशेच्या आसपास.”

“अंदाजपंचे?”

“नाही हो! दुर्बिणीच्या एका गोलात किती मावतात ते मोजायचं. कुठे दाट, कुठे विरळ, म्हणून चार ठिकाणी बघून सरासरी काढायची. मग थव्यात असे किती गोल बसतात, तेवढ्याने गुणायचं.”

सुधीररावांनी मला डोळ्यांवरून खाली घेतले. मग हळूच म्हणाले, “तो पेपर कशाचा म्हणालीस?”

ईश्वरीने मला त्यांच्या हातातून घेतले. “ते वेगळं, बाबा. हे पक्षी आहेत.”

पण दुसऱ्या दिवशी तिने अर्जात प्राणिशास्त्र लिहिले. पहिल्याच चाचणीत संख्याशास्त्रात ती नापास झाली. शिकवणी लावली, रडली, पुन्हा बसली आणि काठावर सुटली. धक्क्यावर येणे मात्र तिने सोडले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे कोणी तुमच्या माळ्यावर असेल तर खाली काढा. भिंगे मऊ कापडाने पुसा. आणि विषय निवडताना भीतीला आधी विचारू नका. ज्याच्याकडे पाहताना तुमचे भान हरपते, त्याला विचारा. माझा ठिपका काही जाणार नाही. ईश्वरीला तो ठाऊक आहे. मोजताना ती त्याला पक्षी धरत नाही.