पडद्यावरचं इंजिन

किल्ली अर्धीच फिरवून श्रावणनं हात थांबवला. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बसवलेला तळहाताएवढा पडदा उजळला आणि त्यावर एकेक आकडा उगवायला लागला. पाण्याचं तापमान, बॅटरी, डिझेल, इंजिनाचे फेरे. इंजिन अजून झोपलेलं होतं, तरी त्याच्या पोटात काय काय आहे ते समोर दिसत होतं.

"सुरू करा न वो आता," शेजारच्या सीटवरून शालू म्हणाली. "अख्खी कॉलनी उभी हाये."

कॉलनी खरंच उभी होती, आणि गाडीही होतीच तशी बघण्यासारखी. जुनी डिझेल मिनीबस, पण नांदगाव पेठच्या एका कारखान्यात तिच्या आत दोन पलंग, गॅसची शेगडी, इवलीशी मोरी, तिच्याहून इवलं न्हाणीघर असा सगळा संसार बसवून घेतलेला. मोटरहोम हे नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे तिला घरगाडी म्हणत. गाडीच्या तोंडावर शेजारच्या कुंदननं सकाळी सकाळीच फ्लेक्स ताणून बांधला होता. कुंदनचं दुकानच फ्लेक्सचं, त्यामुळे कॉलनीत बारसं असो की बदली, फ्लेक्स लागायचाच. 'श्रावणदादा व शालूताई यांना घरगाडीच्या पहिल्या प्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा', त्याखाली दोघांचे फोटो, आणि त्यांच्याहून मोठा फोटो गॉगल लावलेल्या खुद्द कुंदनचा. श्रावणनं स्वतः खाली उतरून "उजवा कोपरा ढिला हाये, ओढ अजून" असं सांगून तो नीट करून घेतला होता.

कुंदन उजव्या खिडकीशी आला आणि काहीतरी बोलला. श्रावण हसला, त्यानं मान डोलावली.

"नाई बा," शालू मधूनच वाकून म्हणाली. "संत्री आनू परतवाड्याहून. चिखलदऱ्याची कॉफी कायले पायजे तुले? चहा तं रोज आमच्याकडंच पेतं."

कुंदन हसत हसत बाजूला झाला. श्रावणनं किल्ली पूर्ण फिरवली. पडद्यावरचे फेरे उडी मारून वर गेले आणि सावकाश एका जागी येऊन बसले. सीट थरथरली. गाडी सुरू झाल्याचं त्याला त्या थरथरीवरून आणि आकड्यावरून कळलं, आवाजावरून नाही.

हीच तर सगळी पंचाईत होती. अकोल्याच्या डेपोत त्यानं आयुष्यभर एसटी चालवली ती कानानं. पट्टा सैल झालाय, नोझल थुंकतंय, बेअरिंग आठवडाभरात जाणार, हे त्याला सीटवर बसल्या बसल्या ऐकू यायचं. डेपोतले लोक म्हणायचे, श्रावणला इंजिन दाखवू नका, नुसतं ऐकवा. असा माणूस रिटायर झाला, बायकोला घेऊन लेकीजवळ अमरावतीला राहायला आला, आणि त्याचे कानच गेले की हो! उजवा पार गेला, डावा निम्मा. त्यानं कुणाला सांगितलं नाही. शालूला नाही, लेकीला नाही, जावयाला तर नाहीच. लोक समोरून बोलले की तो ओठ बघायचा, आणि नाहीच उमगलं तर हसून मान डोलवायचा.

घरगाडी दारात येऊन दोन महिने झाले होते. पहिल्या दिवशी त्यानं ती सुरू केली तेव्हा इंजिनाचा आवाज शेजारच्या घरात कुणी बोलत असल्यासारखा लागला आणि त्यानं ती लगेच बंद केली. मग सबबी सुरू झाल्या. क्लच बसू दे, टायर बदलू दे, ऊन उतरू दे. शालू अंगणवाडी सेविका होती. तिथल्या पोरांना तिनं सांची, सारनाथ, लुंबिनीच्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या पुस्तकातल्या चित्रांवरून. तिची स्वतःची धाव अकोला ते बार्शीटाकळी. ही गाडी तिनं हट्टानं घ्यायला लावली होती. आयुष्यात दुसरा हट्ट तिनं केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

म्हणून त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आज चिखलदऱ्याचा घाट चढायचा. नीट चढला तर सांची, सारनाथ, म्हणेल तिथे. चुकलं काही, तर परत येऊन डोळे साथ देत नाहीत असं सांगायचं, किल्ली जावयाच्या हातात द्यायची आणि गाडी विकून टाक म्हणायचं. कान गेलेल्या माणसानं बायकोला घेऊन देशभर हिंडू नये.

वलगाव मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. श्रावणचं अर्धं लक्ष रस्त्यावर, आरशांवर, अर्धं पडद्यावर. हा पडदा लेकीनं, दीपमालानं बसवलेला. ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. इंजिनाच्या मेंदूत वायर खुपसून तिनं सगळं वर आणलं होतं. त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "कायले पायजे हा टीव्ही? मले काय इंजिन समजत नाई?" आणि आता तो टीव्हीवरून नजर काढायला तयार नव्हता.

कापसानं लादलेल्या ट्रॅक्टरला मागे टाकताना त्यानं पाय दाबला, तर इंजिनावरचा भार चाळिसाचा नव्वद झाला. पाय उचलला, तर शून्य! डिझेलचा थेंब न पिता गाडी नुसती पळतेय, हे पडदा त्याला सांगत होता. आणि सगळ्यात मोठी गंमत गिअरची. सवयीनं गिअर टाकायचा आणि मग आकडा बघायचा. दर वेळी फेऱ्यांचा आकडा जवळपास तोच. कानाला आता ऐकू येत नव्हतं ते पायाला अजून पाठ होतं. श्रावणच्या अंगावर काटाच आला. इतकी वर्षं बंद दाराला कान लावून बसला होता तो. आज कुणीतरी दार उघडून म्हटलं होतं, या, आत या, बघा.

"अरे बापरे," तो स्वतःशीच म्हणाला. "हे तं सगळं दिसून रायलं."

शालूनं त्याच्या दंडाला हात लावला आणि मग बोलली, "काय दिसून रायलं?"

"इंजिन."

"मले तं संत्री दिसून रायली," ती म्हणाली. दोन्ही अंगांना बगीचे लागले होते, झाडं पिवळ्या फळांनी वाकलेली. "काहो, आता बोललं तं चालते का? का अजून पाटी हाये?"

तो हसला. पाटीची गोष्ट जुनी. लग्न झाल्या झाल्या एकदाच ती त्याच्या एसटीत बसली होती, बरोबर त्याच्या मागच्या सीटवर. गाडी बार्शीटाकळीच्या बाहेर पडली तशी तिनं वाकून काहीतरी सांगायला सुरुवात केली. त्यानं मागे वळूनसुद्धा न बघता वरच्या पाटीकडे बोट केलं होतं. चालकाशी बोलू नये. त्यानंतर ती त्याच्या गाडीत बसली नाही, पण पाटीवरून टोमणे मारायचं मात्र तिनं कधी सोडलं नाही.

"घाट चढू दे," तो म्हणाला. "मंग बोलू."

परतवाड्याच्या पुढे रस्ता वर उठला. पहिली वळणं झाली, दुसरा गिअर आला, भार शंभराला टेकला. श्रावण खूश होता. आणि मग पाण्याचा आकडा हलला. इतका वेळ नव्वदीच्या आसपास रेंगाळणारा तो आकडा पंच्याण्णव झाला. अठ्ठ्याण्णव झाला. त्याचा रंग पांढऱ्याचा नारिंगी झाला.

श्रावणनं सवयीनं मान तिरकी केली, कान दिला. काही नाही. थरथर तेवढी. पंखा लागलाय की नाही? पट्टा घसरतोय? पाइप फुटला? एके काळी ह्या प्रश्नांची उत्तरं त्याला न विचारता मिळायची. आता एकही मिळेना. संपलं, त्याच्या मनात आलं, हाच तो घाट.

पुढच्या वळणावर सगळा पडदाच लाल झाला. एका कोपऱ्यातला आकडा नाही, अख्खा पडदा, असा की शालूच्या बांगड्याही लाल दिसायला लागल्या.

त्यानं घाई केली नाही. पाय हलका केला, रुंद जागा बघून गाडी कठड्यापासून आत घेतली, इंजिन बंद न करता नुसतं घरघरत ठेवलं आणि हीटर पूर्ण सोडला. केबिनमध्ये गरम वारा घुसला.

"व माय! भट्टी लावली का?"

"इंजिनाचा ताप आपन वाटून घेतो थोडा," तो म्हणाला आणि खाली उतरला.

रबर जळल्याचा वास नव्हता. खाली थेंब नव्हता. पट्टा जागच्या जागी फिरत होता. मग चूक कुठे? तो वळसा घालून गाडीच्या तोंडाशी आला आणि समोर बघतो तर तो स्वतःच उभा, दात काढून हसत! रेडिएटरच्या जाळीवर, इकडून तिकडे, एक फट न ठेवता, फ्लेक्स. सपाट रस्त्यावर कशीबशी निभावून गेलेली हवा घाटात कोंडली होती. उजवा कोपरा तर सगळ्यात घट्ट होता. पडद्यावरचं इंजिन बघण्यात तो एवढा हरवला होता की खऱ्या इंजिनासमोरच्या जाळीचा त्याला विसरच पडला होता.

श्रावण कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसला. शालू उतरून आली, तिनं फ्लेक्स बघितला आणि पदर तोंडाला लावला.

"इंजिन हवा मांगून रायलं," तो म्हणाला, "अन् कुंदन गॉगल लावून वाटेत उभा!"

दोघांनी मिळून गाठी सोडल्या. तो परत आत डोकावला. लाल गेला होता. नारिंगी आकडा एकेक पायरी उतरत होता, आणि तो दाराला धरून ते उतरणं बघत राहिला. मग त्याच्या एकदम लक्षात आलं. कान शाबूत असते तरी हे ऐकू आलं नसतं. इंजिन तापताना आधी काही बोलतच नाही. बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो. जे त्यानं उभ्या जन्मात कधी ऐकलं नव्हतं, ते ह्या एवढ्याशा पडद्यानं त्याला वेळेत दाखवलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"दीपमालाले फोन लाव," तो म्हणाला.

शालूनं फोन लावला, आवाज मोठा केला आणि त्याच्या डाव्या कानाशी धरला. त्यानं पडदा लाल झाल्याचं सांगितलं.

"अख्खा पडदा लाल झाला न, बाबा?" पलीकडून दीपमाला ओरडत होती. "मंग बरोबर. लाल होते का नाई, मले तेच भेव होतं. त्याच्यात मुळातून भोंगा असते, तापलं की किंचाळते. पन आई म्हने, भोंगा कामाचा नाई, थो काढ अन् रंग ठेव. आकडे मोठे कर म्हने. दोन रात्री बसली मी त्याच्यावर. बाबा? आयकू येते का?"

"येते," श्रावण म्हणाला. "येते, बाई."

फोन बंद झाला. शालू फ्लेक्सची घडी घालत होती, खाली बघून, गरजेपेक्षा जास्त काळजीनं. कुंदनच्या गॉगलवर तिनं दुमड घातली, मग आणखी एक घातली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

तिनं मान वर केली, म्हणजे त्याला ओठ दिसतील. "कुकरपासून. मी बाहेर कपडे वाळत घालून रायली होती. तुमी कुकरजवळ बसून पेपर वाचत होते अन् शिट्ट्यांवर शिट्ट्या. भाताचा कोळसा झाला तरी तुमी पानंच पलटत होते."

त्याला तो भात आठवला. लक्ष नव्हतं, असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि तिनं करपलेला भात गाईला घातला होता. त्यानंतर ती जेवायला, झोपायला, बाजारात चालायला कायम त्याच्या डाव्या हाताला असायची, तेही त्याला आत्ता उमगलं.

"अन् तरी गाडी घ्याले लावली?"

"मले सांची पाहाची हाये," शालू म्हणाली. "तुमच्यासंगं पाहाची हाये."

दोघं गाडीत बसले. आकडा खाली येऊन पांढरा झाला होता. श्रावणनं आरसे बघितले, गाडी रस्त्यावर घेतली. मोकळ्या जाळीतून वारा आत शिरला आणि चढावर भार शंभराला टेकला तरी पाण्याचा आकडा जागचा हलला नाही. दोन वळणं तो नुसता त्याकडे बघत राहिला. मग त्यानं डावा कान तिच्या बाजूला थोडा वळवला.

"बोल," तो म्हणाला.

शालूनं वर, जिथे पाटी असती त्या जागी बोट दाखवलं.

"थे एसटीत. तवा इंजिनाकडं कान द्या लागे. आता त्याच्याकडं पाहाले हा बसला हाये." त्यानं पडद्याकडे हनुवटी केली. "माहा कान रिकामा झाला. अर्धाच हाये, पन रिकामा हाये."

खाली परतवाडा लहान लहान होत चालला होता. शालू सीटवर त्याच्याकडे तोंड करून बसली आणि अंगणवाडीत लावायची तसा आवाज लावून म्हणाली,

"बार्शीटाकळीच्या भायेर गाडी निंगली तवा मी तुमाले काय सांगत होती, आठवते?"

"नाई."

"मंग आयका."