पोटावरचा फुगवटा

मी शिंपी. सुटलेलं पोट सदऱ्यात कसं लपवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. बायको गेल्यावर मी सगळे सदरे ढगळ शिवले. लेकीला वाटलं, बाबा वाळले. एका सकाळी खोकल्याची उबळ आली, मी पोट दाबून धरलं आणि ती म्हणाली, "सदरा वर करा." पोटच्या पोरीसमोर सदरा वर करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने मला सर्जनबाईंकडे नेलं. माझ्या आतड्याचा कॅन्सर त्यांनीच काढला होता. त्यांनी आडवं झोपवलं, खोकायला लावलं, उभ्या व्रणावर बोटं फिरवली.

"हर्निया. आतली शिवण उसवलीय. सिगारेट?"

"सोडली."

"साखर?"

"ताब्यात आहे."

"तेव्हा जखमेत पू झाला होता, त्यानेही जागा कच्ची राहते. वर हा खोकला. वजन उचललंत?"

"एकदा कपाट सरकवलं."

"कुठलं कपाट?" लेक म्हणाली. "आपली कपाटं भिंतीत आहेत, बाबा. भिंत सरकवलीत का?"

बाई हसल्या. "खरं सांगा. मी पुन्हा शिवीन, तुम्ही पुन्हा उचलाल, मग काय उपयोग?"

"आता नाही उचलणार." तेवढ्यावर भागलं नाही. "हिच्या आईला उचलायचो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात."

लेक ताडकन उठली. "मी बाई ठेवते म्हणत होते!"

"परकी बाई धुणार म्हटलं की ती रडायची. तुलाही सांगू देईना."

डॉक्टर कारणं लिहायला लागल्या. खोकला, पू, आणि त्यांच्याच रांगेत मी माझ्या बायकोला नेऊन बसवलं होतं. उत्तर द्यायला ती आता नव्हतीही.

"वजन लिहू नका," मी म्हणालो.

"मग काय लिहू?"

मी सदरा खाली ओढला. लेकीकडे बघवेना.

"वजनच लिहा," ती नाक पुसत म्हणाली. "जाडी होती आई. स्वतःच सांगायची, मला उचलायला दोन गडी लागतील."

ऑपरेशन करायचं ठरलं. मी सवयीने सरळ उठायला गेलो, तर पोट वर आलं. लेकीने खांद्याखाली हात घातला.

"राहू दे, मी उठतो."

"गप्प बसा. कुशीवर वळा आधी."

मी वळलो. लाज वाटतच होती. तिने मला उचलून बसवलं.